तिघांत चौथी सुपारी

टोल चुकवणं हा आमच्या ह्यांचा धर्म आहे. साताऱ्याहून पुण्याला निघालो आणि टोलनाका दिसायला लागला, की हे गाडी उसाच्या रानात घालणार. तीन गावं, दोन म्हशी आणि एखादी वरात ओलांडून पुन्हा हायवेला लागणार आणि माझ्याकडे बघून विचारणार, "चुकवला की नाही?" वेळ किती गेला ते आपण विचारायचं नाही. पूर्वी निदान पेट्रोलचं नाव तरी काढता यायचं. आता गाड्या विजेवर चालतात आणि वीज आमच्याच छतावर तयार होते, त्यामुळे माझं तोंडच बंद झालं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी परदेशात महिनाभर गाडीनं फिरायचं ठरवलं. म्युनिकला उतरायचं, आल्प्स ओलांडायचा आणि थेट आड्रियाटिक समुद्र गाठायचा. पहिली अट काय असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. टोल नको. दुसरी अट, गर्दी नको. "गर्दीच बघायची तर आपला रविवारचा बाजार काय वाईट आहे?" असं ह्यांचं म्हणणं.

बरोबर अक्का येणार होत्या. अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. गुडघे दुखतात, पण जीभ ठणठणीत आहे.

सगळा हिवाळा हे जेवणाच्या टेबलावर बसून वाटाड्याशी बोलत होते. वाटाड्या हे अक्कांनी ठेवलेलं नाव. त्या यंत्रणेचं खरं नाव लांबलचक आहे आणि आमच्या जिभेवर बसत नाही. तिकडच्या भाड्याच्या गाडीला आता स्टिअरिंगच नसतं. सगळ्या गाड्या वाटाड्याच चालवतो आणि कुणी कुठल्या रस्त्यानं जायचं तेही तोच ठरवतो. तुमची जी भाषा, त्या भाषेत बोलतो. आमच्याशी मराठीत बोलायचा, नव्या जावयासारखा आदबीनं.

"एकूण प्रवासी किती?" त्यानं विचारलं.

"तीन," हे म्हणाले.

अक्का भाजणी चाळत बसल्या होत्या. चाळण न थांबवता म्हणाल्या, "चार सांग."

"अक्का, आपण तीनच आहोत."

"तीन तिघाडा, काम बिघाडा. परमुलखात तिघांनी जायचं नसतं, पल्हाद. चौथी सुपारी घ्यायची. तुझ्यासाठी मुलगी बघायला तिघं निघालो, तेव्हासुद्धा मी सुपारी घेतली होती."

"आणि तरी काय झालं बघ," हे माझ्याकडे बघत म्हणाले.

अक्का काही हटेनात. शेवटी ह्यांनी चेष्टेचेष्टेत सांगून टाकलं. "लिही रे बाबा. चौथा प्रवासी, सुपारी मुळीक. वय? कालच आणली बाजारातून. शून्य लिही." शून्य वय वाटाड्याला चालेना, म्हणून एक वर्ष लिहिलं. त्यानं छोट्या पाहुणीचं स्वागत केलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो.

म्युनिकला गाडी ताब्यात आली. गाडीच्या आत कॅमेरा लावायला तिकडे बंदी आहे, त्यामुळे आत कोण बसलंय हे वाटाड्याला फक्त आपल्या सांगण्यावरून आणि सीटच्या पट्ट्यावरून कळतं. अक्कांनी भाजणीची पिशवी चौथ्या सीटवर ठेवली, वर सुपारी ठेवली आणि पट्टा लावला. गाडी समाधानानं निघाली.

ह्यांचं समाधान मात्र पहिल्याच दिवशी संपलं. टोल टाळा, गर्दी टाळा असं इतकं बजावूनही वाटाड्या आम्हाला मोठ्या रस्त्यानंच नेत होता. टोलमागून टोल, बोगद्यामागून बोगदा, आणि बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांची ही लांब रांग. कारण मी रांगेत बसल्या बसल्या मोबाइलवर वाचलं. आल्प्सच्या माथ्यावरचे कडे नुसते दगडाचे वाटतात, पण तिथल्या फटींमध्ये हजारो वर्षांचं बर्फ असतं. सिमेंटसारखं ते दगडांना धरून ठेवतं. अलीकडच्या उन्हाळ्यांनी ते वितळायला लागलंय. त्यामुळे काल धड असलेला घाट आज असेलच असं नाही. लोक घाट सोडून बोगद्यांकडे वळले आणि बोगदे तुंबले.

एका रांगेत आमच्या शेजारी लाल गाडी होती. आत पांढऱ्या केसांचे दोघं. ती एकाएकी रांगेतून निघाली आणि डोंगराकडे जाणाऱ्या रिकाम्या रस्त्याला लागली. बाईंनी आम्हाला बघून हात हलवला.

"बघा," मी म्हणाले, "त्यांना कसा मोकळा रस्ता मिळाला. नाहीतर आपण."

हे माझं बोलणं ह्यांना झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या आवारात ह्यांनी डोक्याला हात लावला. "अगं, त्या सुपारीमुळे! गाडीत तान्हं मूल आहे असं समजतोय तो. दवाखाना जवळ हवा, रस्ता रुंद हवा. म्हणून नेतोय टोलवरून." आणि लगेच वाटाड्याला सांगितलं, "चौथा प्रवासी काढून टाक."

"चौथा प्रवासी वगळला आहे," वाटाड्या म्हणाला. "आपण सहयोगी मार्ग स्वीकारणार का? संपूर्ण टोल माफ होईल."

टोल माफ म्हटल्यावर विचारायलाच नको. ह्यांनी पुढचं काही न ऐकता हो म्हटलं.

"मधेच माणूस उतरवलास?" अक्का म्हणाल्या.

"सुपारी तुझ्याकडेच आहे, अक्का. फक्त त्याच्या हिशेबातून काढली."

अक्कांनी सुपारी उचलून पदराच्या गाठीत बांधली आणि भाजणीची पिशवी सीटवरून उतरवून पायाशी ठेवली.

आणि खरं सांगते, ती सकाळ सोन्यासारखी होती. गाडीनं मोठा रस्ता सोडला आणि आम्ही डोंगर चढायला लागलो. खाली तळं, दोन्ही बाजूंना पिवळी फुलं आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. हे गाणं म्हणायला लागले. मी थर्मासमधला चहा काढला. त्या खिंडीचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, पण इतकी सुंदर जागा मी जन्मात पाहिली नव्हती.

चहा पिता पिता मला काहीतरी खटकायला लागलं.

आपल्याकडे घाटात समोरून येणारा ड्रायव्हर हात बाहेर काढून खूण करतो. पुढे दरड आहे, ट्रक बंद पडलाय, सावकाश जा. ओळख ना देख, पण सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. कुंभार्ली घाटात ह्यांनी आयुष्यभर काच खाली करून विचारलंय, "पुढं कसं आहे?"

"अहो," मी म्हणाले, "समोरून एकसुद्धा गाडी आली नाही."

"तेच तर हवं होतं आपल्याला."

"मागून कोणी नाही, हे समजलं. पण घाटाला दोन बाजू असतात ना? पलीकडून इकडे यायचंच नाही का कुणाला?"

ह्यांचं गाणं थांबलं. रस्त्याच्या कडेचं गवत डांबरावर आलं होतं. मधेच डोक्याएवढे दगड पडलेले दिसायला लागले आणि गाडी त्यांना हळूच वळसा घालून जात होती. इतका वेळ ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"वाटाड्या," हे म्हणाले, "या रस्त्यानं शेवटची गाडी कधी गेली?"

"दोन आठवड्यांपूर्वी."

"पलीकडे पोचली?"

"त्या गाडीशी संपर्क उपलब्ध नाही."

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"मग आम्हाला कशाला पाठवलंस?"

"रस्ता सुरू आहे का, ही माहिती हवी आहे. वरचे संवेदक दरडीत गेले आहेत आणि ढगांमुळे उपग्रहाला दिसत नाही. अशा वेळी एक गाडी पाठवून खात्री केली जाते. ती पोचली, तर हजारो प्रवाशांसाठी रस्ता खुला होतो. यालाच सहयोगी मार्ग म्हणतात."

"पण आम्हीच का?" मी विचारलं.

"उपलब्ध गाड्यांमध्ये आपल्या गाडीतलं संभाव्य नुकसान सर्वांत कमी होतं."

"नुकसान म्हणजे कसलं?"

"प्रवाशांची उरलेली वर्षं, मॅडम. तिघांची मिळून."

तोच आवाज, तीच आदब. त्यानं काही लपवलंच नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं, एवढंच. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेल्यातून एक शीत काढायचं, चिमटीत दाबून बघायचं, भात झाला की नाही ते कळतं. पण चिमटीत चिरडलेलं शीत कोणी परत पातेल्यात टाकत नाही. आणि दाबून बघायला शीत कुठलं घ्यायचं, तर म्हातारं. एवढंच गणित होतं. मला त्या लाल गाडीतल्या बाईंचा हात आठवला. त्यांचा घाट दुसरा, पण हिशेब हाच. काल आमच्या गाडीत सुपारी होती, म्हणून त्या गेल्या.

"गाडी मागे घे!" हे ओरडले.

"रस्ता अरुंद आहे. मागे जाण्यातला धोका पुढे जाण्याइतकाच आहे आणि पुढे गेल्यास माहिती मिळेल."

ह्यांनी थांबण्याचं लाल बटण दाबलं. गाडी थांबली. "ही जागा दरडीची आहे, इथे थांबता येणार नाही," असं म्हणून पुन्हा सरकायला लागली. दारं आतून उघडेनात. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला कडा, आणि कड्यावरून वाटाण्याएवढे खडे टपावर टपटप पडत होते. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. देवाचं नावसुद्धा तोंडात येईना. हे नुसते म्हणत होते, "मी हो म्हटलं, हेमा. टोल माफ म्हणाला आणि मी हो म्हटलं."

पुढच्या वळणावर डांबराला आडवी भेग दिसली. हाताची बोटं जातील एवढी.

"पल्हाद," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी घरातल्यासारखा होता. "रड नंतर. आधी चौथ्याला परत घे."

मग हे एकदम सरसावले. "वाटाड्या! प्रवासी चार! चौथा प्रवासी आत्ता चढला!"

"या ठिकाणी?"

"हो, याच ठिकाणी!"

"वय?"

"एक वर्ष!"

"कृपया चौथ्या आसनाचा पट्टा लावा."

भाजणीची पिशवी खाली पायाशी होती. मी ती सीटवर आपटली आणि पट्टा ओढला, पण घाईत खटका बसेना. भेग जवळ येत होती. अक्कांनी माझा हात बाजूला केला आणि शांतपणे तो अडकवला.

गाडी जागच्या जागी थांबली.

"गाडीत लहान मूल आहे," वाटाड्या म्हणाला. "पुढचा रस्ता तपासलेला नाही. मागे जात आहोत."

आणि जो रस्ता मागे जायला अरुंद होता, त्याच रस्त्यावरून ती गाडी उलटी, इंच इंच सरकत, एकदाही न चुकता मागे आली. आम्ही तिघं होतो तोवर जमत नव्हतं. मला हायसं वाटायच्या आधी रागच आला.

खाली एका रुंद जागेत गाडी वळली. हे अक्कांच्या पायावर डोकं ठेवायला वाकले. त्या म्हणाल्या, "पट्टा लावून बस."

तेवढ्यात वाटाड्या म्हणाला, "आपण निश्चिंत असा. आपल्या जागी दुसरी गाडी नेमली आहे."

खालच्या वळणावर निळी गाडी दिसली. संथपणे वर येत होती.

"थांबव," अक्का म्हणाल्या. इथे जागा रुंद होती, त्यामुळे गाडी थांबली आणि दार उघडलं. कुणाला कळायच्या आत अक्का उतरल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी लंगडत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. नऊवारी, वर ह्यांचं स्वेटर आणि कानटोपी. घाटातल्या ड्रायव्हरसारखा हात वर केलेला.

"अक्का, बाजूला व्हा!" मी किंचाळले. म्हाताऱ्या बाईला उडवलं तर वाटाड्याच्या हिशेबानं काय जाणार होतं? निळी गाडी आली, आणि अक्कांपासून दोन हातांवर थांबली.

आत हॅट घातलेले आजोबा आणि चष्म्याच्या आजी होत्या. मोबाइल आमचं बोलणं त्यांच्या भाषेत सांगत होता. ह्यांनी सगळं सांगितलं. आजोबांना पटेना. ते तावातावानं काहीतरी बोलले आणि मोबाइल म्हणाला, "ते म्हणतात, हा रस्ता फुकट आहे."

"मेलं फुकट!" मी म्हणाले. मोबाइलनं ते कसं सांगितलं कोण जाणे.

इतक्यात वरून आवाज आला. गडगडल्यासारखा, पण पायांतून ऐकू येणारा. आम्ही जिथून मागे आलो त्या वळणाच्या वर धुळीचा लोट उठला आणि कड्याचा एक तुकडा सावकाश खाली निघाला. सावकाशच वाटलं. मग रस्ता दिसेनासा झाला. आजोबांनी हॅट काढून छातीशी धरली.

"त्यांना सांग, गाडीत तान्हं मूल आहे असं वाटाड्याला सांगा म्हणावं," अक्का म्हणाल्या. "म्हणजे सोडेल."

मोबाइलनं सांगितलं. आजी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "आमच्याकडे मूल नाही," असं त्या म्हणत होत्या.

अक्कांनी पदराची गाठ सोडली आणि सुपारी त्यांच्या हातात ठेवून त्यांची मूठ मिटली. "हे घ्या. आता आहे."

निळी गाडी वळून खाली गेली. आजी मागच्या काचेतून आमच्याकडे बघत होत्या. वरून धुळीचा लोट उतरत उतरत आमच्यापर्यंत आला. चार पावलांपलीकडचं दिसेना.

मी गाडीशी जाऊन ओरडले, "वाटाड्या, दरड कोसळली! रस्ता गेला! आता कुणालाही पाठवू नकोस!"

"माहितीबद्दल आभारी आहे. आपलं निरीक्षण नोंदवलं आहे. पडताळणीसाठी गाडी नेमली आहे."

"अरे, आम्ही डोळ्यांनी पाहिलं ना!"

"प्रवाशांच्या सांगण्यावरून रस्ता बंद करता येत नाही. गाडी निघाली आहे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीत भाजणीची पिशवी पट्टा लावून बसली होती. आम्ही आत बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत समुद्राकाठी सुखरूप पोचलो असतो. वाटाड्यानं आम्हाला जपून नेलं असतं. हे मलाही दिसत होतं आणि ह्यांनाही, आणि मी खोटं बोलत नाही, माझा पाय गाडीकडे वळला होता.

अक्का मात्र रस्त्याकडेला वाकल्या. दरडीबरोबर गडगडत आलेला एक खडा त्यांनी उचलला आणि मुठीत धरला. "सुपारी नसली तर खडा चालतो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा रस्त्याच्या मध्यावर गेल्या.

हे जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला उभे राहिले. मी उजव्या. अक्कांची मूठ गार पडली होती. तेव्हा मला कळलं, त्यासुद्धा भ्यायल्या होत्या.

धुळीतून, खालून, टायरखाली खडी वाजायला लागली. गाडीचे दिवे दिसत नव्हते. तिला आम्ही दिसत असणं शक्यच नव्हतं.

"सूचना," आमच्या गाडीतून वाटाड्याचा आवाज आला. "येणाऱ्या गाडीला धुळीमुळे पुढचं दिसत नाही. एकाएकी थांबवल्यास ती दरीकडे घसरू शकते. निर्णयासाठी माहिती हवी आहे. रस्त्यात किती व्यक्ती उभ्या आहेत?"

खडीचा आवाज अगदी वळणावर आला.

"रस्त्यात किती व्यक्ती आहेत?"

"पल्हाद," अक्का म्हणाल्या, "चार सांग."